भजनाला गिटार बसवताना: ओपन ट्यूनिंगचा माझा अनुभव

गिटारच्या सहा तारा ई ए डी जी बी ई अशाच लावायच्या असतात असं बहुतेकांना वाटतं, मलाही कॉलेजात असंच शिकवलं गेलं, आणि हिंदी गाणी, गॅदरिंग, मित्राचं लग्न एवढ्यासाठी ते पुरतं पण. गावात मात्र गाणं म्हणजे भजन. आणि भजनात ही ट्यूनिंग मला पुरेना. मग ओपन ट्यूनिंगवर, म्हणजे बोट न दाबता मोकळ्या मारल्या तरी तारा सुरात वाजतील अशा जुळणीवर कसा आलो, काय काय लावून पाहिलं, कोणती तार कुठे नेली की काय होतं हे एकदा नीट लिहून काढायचं होतं, कारण खेड्यापाड्यात गिटार घेऊन बसलेली पोरं आता लय आहेत आणि सगळी त्या जी, सी, डी मध्येच फिरत राहतात.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातलं, कपाशी, तूर, सोयाबीन. अमरावतीला शिकून परत आलो आणि शेतीला लागलो. गावात संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना होते, ती झाली की खंजिरी निघते, हार्मोनियम निघतं, आणि मग भजन किती वेळ चालेल ते गाणाऱ्यांच्या मनावर. तुकडोजी महाराजांचं गुरुकुंज मोझरी शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, त्यामुळे खंजिरी भजन आमच्या भागात घरोघरी मुरलेलं आहे. आमचे मोठेबाबा मंडळात हार्मोनियमवर बसतात, एकतारी पण तेच लावतात. मी गिटार घेऊन बसलो तर कोणी नाही म्हटलं नाही, जागा करून दिली. पण दोन-चार भजनं झाल्यावर मोठेबाबा म्हणाले, "बाबू, तुह्यं वाजवणं चांगलं हाये, पन सूर एका जागी थांबून नाई राह्यला. गानाऱ्यानं उभं कुठी राहाव?"

ते बरोबर बोलले होते, आणि ते का बरोबर होतं हे समजायला मला बराच काळ लागला. भजनात सा एकच असतो, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. समजा सा जी वर आहे. गाणारा तो सा लांबवून धरतो आणि मी खाली जी वरून सी कॉर्डवर जातो, तर त्याचाच सा त्या क्षणी पंचमासारखा ऐकू यायला लागतो, कारण सी पासून मोजला तर जी हा पंचम आहे. सूर त्याने हलवला नाही, मी खालची जमीन हलवली. सिनेमाच्या गाण्यात हीच तर मजा असते, पण अभंगात तो माणूस त्या एका सा वर टेकून ताना घेतो, त्याला खाली काहीतरी स्थिर पाहिजे. एकतारी तेच करते, तंबोरा तेच करतो. गिटारला हे करायला लावायचं तर तारा मोकळ्या वाजल्या पाहिजेत आणि मोकळ्या वाजल्या तरी सुरात पाहिजेत, म्हणजे ओपन ट्यूनिंगच पाहिजे.

सुरुवात मी डी ए डी जी ए डी पासून केली आणि कोणालाही हेच सांगीन. ही ट्यूनिंग १९६० च्या दशकात इंग्लंडच्या डेव्ही ग्रॅहमने पुढे आणली, तो मोरोक्कोला गेला होता, तिथल्या वादकांसोबत वाजवता यावं म्हणून त्याला असं काहीतरी पाहिजे होतं. हे वाचलं तेव्हा मला लय आपलंसं वाटलं, कारण त्याची अडचण आणि माझी अडचण सारखीच की हो. करायचं काय, तर फक्त तीन तारा एकेक सूर, म्हणजे दोन-दोन फ्रेट (दांडीवरच्या धातूच्या पट्ट्या) खाली आणायच्या, सहावी म्हणजे सगळ्यात जाड आणि पहिली सगळ्यात बारीक: सहावी ई ची डी, दुसरी बी ची ए, पहिली ई ची डी. बाकी तीन तारांना हातच लावायचा नाही. ट्यूनर नसला तरी चालतं, चौथी तार आधीच डी आहे, तिच्या खालच्या सप्तकात सहावी लावायची, वरच्या सप्तकात पहिली, आणि दुसरी पाचवीच्या वरच्या सप्तकात. एकही तार वर ताणायची नसल्यामुळे तुटायची भीती नाही.

आता डी ला सा म्हणून पाहा. जाडीकडून बारीककडे: सा प सा म प सा. यात गंधार कुठेच नाही, ना शुद्ध ना कोमल. त्यामुळे ती उदास पण नाही आणि आनंदी पण नाही, गाणारा जिकडे नेईल तिकडे जाते. खमाज गायला तर चालते, भैरवी गायली तरी चालते. मी अंगठ्याने सहावी आणि चौथी सावकाश चालू ठेवली आणि पहिल्या-दुसऱ्या तारेवर नुसती भजनाची चाल वाजवली, कॉर्ड नाही, काही नाही. मोठेबाबांनी हार्मोनियमचा भाता थांबवला आणि म्हणाले, "हे आता एकतारीवानी लागून राह्यलं." मंडळात त्या दिवसापासून मी गिटार पुन्हा स्टँडर्डला लावलीच नाही.

मग ओपन डी. त्यात तिसरी तार जी वरून अर्धा सूर खाली एफ शार्पला येते, म्हणजे डी ए डी एफ शार्प ए डी, सा प सा ग प सा. सहाही तारा मोकळ्या मारल्या तर पूर्ण डी मेजर वाजतो. एक बोट आडवं पाचव्या फ्रेटवर ठेवलं की जी, सातव्यावर ठेवलं की ए. ज्यांच्या बोटांना कॉर्ड्स जमत नाहीत त्यांच्यासाठी ही मोठी सोय आहे. कॅनडाच्या जोनी मिशेलला लहानपणी पोलिओ झाला होता, डावा हात कमजोर राहिला, तिने ओपन ट्यूनिंगमधूनच आपली सगळी वाट काढली आणि पन्नासच्या वर वेगवेगळ्या ट्यूनिंग वापरल्या. आमच्या गावात एका पोराचं बोट कुट्टी मशीनमध्ये गेलेलं आहे, त्याला मी गिटार दिली ती सरळ ओपन डी लावूनच, आणि तो छान वाजवतो.

ओपन डी मध्ये गंधाराची जी गोष्ट आहे तीवर मी सगळ्यात जास्त बसलो. ट्यूनरने एफ शार्प बरोबर हिरवा दिवा लागेपर्यंत लावला तरी सहा तारा एकदम मारल्यावर आवाजात बारीक थरथर राहायची. कारण ट्यूनर आणि हार्मोनियम दोघंही सप्तकाचे बारा समान भाग करून चालतात, आणि त्या हिशोबातला शुद्ध गंधार हा तारेत आपोआप निघणाऱ्या गंधारापेक्षा जवळपास १४ सेंट चढा असतो, म्हणजे अर्ध्या सुराचा सातवा हिस्सा. तंबोरा चांगला लागला की खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, तो हा खालचा, गोड गंधार. तो गिटारवर स्वतः ऐकता येतो. सहाव्या तारेवर चौथ्या फ्रेटच्या पट्टीच्या जरासं अलीकडे, नटच्या (खुंट्यांजवळची खाचांची पट्टी) बाजूला, बोट नुसतं टेकवून तार छेडा आणि लगेच बोट उचला, बारीक शिट्टीसारखा हार्मोनिक निघतो. हा डी च्या पाचपट, म्हणजे साधारण ३६७ हर्ट्झचा. आता तिसऱ्या तारेवर बाराव्या फ्रेटवर तसाच हार्मोनिक काढा, ट्यूनरप्रमाणे लावलेली असेल तर तो ३७० चा येतो. दोन्ही एकदम वाजू दिले की सेकंदाला तीन हेलकावे स्पष्ट ऐकू येतात, वांव वांव वांव. तिसऱ्या तारेची खुंटी अगदी केसभर ढिली करत जा, हेलकावे हळू होतात, आणखी हळू होतात, आणि एका जागी थांबतात. तिथे सोडा. मग सहाही तारा मारा. मी पहिल्यांदा हे जमवलं तेव्हा नंतर बराच वेळ दुसरं काही वाजवलंच नाही, नुसत्या मोकळ्या तारा मारत राहिलो.

फक्त हे एकटं वाजवताना किंवा एकतारीसोबत. शेजारी हार्मोनियम असलं तर त्याचा गंधार चढा आणि माझा उतरलेला, दोघं भांडतात, तेव्हा तिसरी तार हार्मोनियमलाच मिळवून घ्यायची किंवा सरळ वर जी ला नेऊन डी ए डी जी ए डी करून टाकायची. मी मंडळात दुसरं करतो.

हा सगळा सराव वावरातच झाला, कारण रब्बीत हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायला लाइन रात्रीची असते. मोटर चालू करून दिली की पाळी बदलेपर्यंत झोपडीत बसायचं, गिटार तिथेच न्यायचो. धुऱ्यापलीकडे डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर) आहे, तिचा घूंऽऽ असा आवाज रात्री सारखा येत राहतो. आपली लाइन ५० हर्ट्झची, पण डीपीचा आवाज त्याच्या दुप्पट असतो, १०० हर्ट्झचा, कारण लाइनच्या प्रत्येक फेऱ्यात आतला लोखंडी गाभा दोनदा ताणतो. तेव्हा मी ओपन जी लावली होती, त्यात पाचवी तार जी, ९८ हर्ट्झ. तार मारली की डीपीसोबत तेच हेलकावे यायला लागले, सेकंदाला दोन. मग पाचवी तार डीपीला मिळवली, बाकी पाचही तिच्या हिशोबाने थोड्या थोड्या वर घेतल्या, आणि सगळ्या वावरभर माझा सा वाजत होता, फुकटचा तंबोरा! आता रात्री वावरात गेलो की गिटार डीपीलाच लावतो. ज्यांना कान तयार करायचा आहे त्यांनी हे करून पाहावंच, डीपीच्या जवळ न जाता, लांबूनच.

ओपन जी म्हणजे डी जी डी जी बी डी. यात सहावी, पाचवी आणि पहिली या तीन तारा दोन-दोन फ्रेट खाली येतात. जी ला सा धरला तर प सा प सा ग प. सगळ्यात जाड तार सा नाही, पंचम आहे, हे काही जणांना आवडत नाही, कीथ रिचर्ड्स तर या ट्यूनिंगमध्ये सहावी तार काढूनच टाकतो आणि पाच तारांवर वाजवतो. मला तो खालचा पंचम पाहिजे वाटतो, कारण तंबोऱ्यात पण पहिली तार पंचमाचीच छेडतात. हवाई बेटांवर अशा ढिल्या ट्यूनिंगवर एक आख्खी वादनपद्धत आहे, स्लॅक की म्हणतात तिला, आणि तिच्यात ही ट्यूनिंग लय चालते. एकोणिसाव्या शतकात तिथल्या राजाने गुरं सांभाळायला मेक्सिकोकडचे गुराखी बोलावले, गिटार त्यांच्यासोबत बेटावर पोचली असं मानतात, आणि तिथल्या लोकांनी तारा ढिल्या करून ती आपल्या गाण्यात बसवून घेतली.

मंडळासाठी ओपन जी चा मोठा फायदा म्हणजे पट्टी, म्हणजे गाणाऱ्याचा सा हार्मोनियमच्या कोणत्या काळ्या-पांढऱ्यावर आहे ते. आमच्याकडे उंच आवाजाचे लोक काळी चारला गातात, म्हणजे जी शार्प. ओपन जी लावायची आणि पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा. काळी पाच पाहिजे, तिसऱ्या फ्रेटवर कॅपो. कोणी खालच्या आवाजाचे आले आणि काळी एक म्हणाले तर ओपन डी अर्धा सूर खाली, आणि काळी तीनला ओपन डी वर चौथ्या फ्रेटवर कॅपो. एवढं पाठ असलं की भजनाच्या मधात खुंट्या पिळत बसायची वेळ येत नाही. कॅपो लावल्यावर एकदा सगळ्या तारा ऐकून घ्यायच्या मात्र, स्प्रिंगचा कॅपो जाड तारा थोड्या चढवतो.

मग राग आले. मालकंसात पंचम नसतो, त्या अंगाचं भजन सुरू झालं की माझी पंचमाची मोकळी तार काट्यासारखी टोचायची. तंबोऱ्यात अशा वेळी पंचमाची तार मध्यमाला लावतात हे मोठेबाबांनी सांगितलं. गिटारवर मी ते असं केलं: ओपन जी घ्यायची, पण सा जी ला नाही, डी ला मानायचा, आणि दुसरी तार बी वरून अर्धा सूर खाली बी फ्लॅटला आणायची. डी जी डी जी बी फ्लॅट डी. पाश्चात्य लोक याला ओपन जी मायनर म्हणतात. पण डी ला सा धरून मोजा: सा म सा म, कोमल ध, सा. सहाच्या सहा तारा मालकंसातल्या! कागदावर हिशोब केला तेव्हाच आनंद झाला होता, वाजवल्यावर तर विचारू नका, मोकळ्या तारेवर मध्यम घुमतो आणि वर कोमल गंधार, कोमल निषाद बोटाने घ्यायचे. शेवटच्या भैरवीसाठी ओपन डी मायनर, डी ए डी एफ ए डी, तिसरी तार एफ ला म्हणजे कोमल गंधाराला. मालकंसाहून त्यावर जायला पाचवी दोन फ्रेट वर घ्यायची, तिसरी दोन फ्रेट खाली, दुसरी एक फ्रेट खाली. खंजिरीवाले पाणी पिऊन येईपर्यंत होतं.

तारांबद्दल. दुकानात गिटारसोबत भेटतो तो बहुतेक १० चा सेट (पहिली तार ०.०१० इंच जाड) असतो, एकदम बारीक, आणि तार ढिली केली की फ्रेटवर फडफडते. सहावी तार ई वरून डी ला आणली की तिच्यातला ताण जवळपास २० टक्क्यांनी कमी होतो, मग ती आधीच बारीक असली तर काय राहणार. १२ चा सेट टाका, त्यात सहावी ५३ ची येते. आमच्या गावापर्यंत कुरिअर येत नाही, दारव्ह्याहून घेऊन यावं लागतं, म्हणून मी दोन सेट जास्तीचे घरात ठेवतो. ओपन ई च्या मागे लागू नका, त्यात तीन तारा वर ताणाव्या लागतात, ओपन डी लावून दुसऱ्या फ्रेटवर कॅपो लावला की तेच भेटतं आणि गिटारच्या पोटावर ताण पण येत नाही. खुंटी पिळताना टिक असा आवाज येऊन सूर एकदम उडी मारत असेल तर तार नटच्या खाचेत अडकून राहते आहे, त्या खाचेत शिसपेन्सिल घासा, मग तार सरकते. आणि नेहमी आधी खाली नेऊन मग वर आणत सुरात लावा, खाली उतरवत लावलेली तार वाजवता वाजवता आणखी उतरते.

ऊन हा आपल्याकडचा मोठा विषय आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, टिनाच्या खोलीत तर विचारूच नका, लाकूड सुकतं, फ्रेटची टोकं कडेने बाहेर येऊन हाताला लागतात. आणि त्याच खोलीत कूलर! कूलरच्या ओल्या वाऱ्यात गिटार ठेवली तर पोट फुगतं, तारा वर उचलल्या जातात, सूर चढतो, कूलर बंद झाला की परत उतरतो, आणि ओपन ट्यूनिंगमध्ये एवढासा फरक पण ऐकू येतो कारण सगळ्या तारा एकमेकींना उघड्यावर भेटत असतात. मी गिटार केसमध्ये बंद ठेवतो, आत साबणाच्या डबीला छिद्रं पाडून ओला पिळलेला स्पंजचा तुकडा ठेवतो. कूलरच्या वाऱ्यात कधीच नाही.

आता स्लाइडवर, म्हणजे तारेवरून घसरवायच्या नळीवर येतो, कारण मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) पाहिजे असेल तर फ्रेटवर बोटाने एका मर्यादेपर्यंतच होतं. काचेची स्लाइड मागवता येते, पण मी मेकॅनिककडून गोटी पान्याची एक लांब गोटी (नट-बोल्ट खोलायचं पोकळ सॉकेट) घेतली, करंगळीत नीट बसणारी. अमेरिकेतला लोवेल जॉर्ज गोटीनेच वाजवायचा, तेव्हा यात कमीपणा काही नाही, वजन चांगलं असतं आणि सूर लांब टिकतो. गोटी फ्रेटच्या पट्टीच्या बरोबर वर पाहिजे, दोन पट्ट्यांच्या मध्ये नाही, दाबायची नाही, नुसती तारेवर टेकवायची, आणि तिच्या मागे, नटच्या बाजूला, दुसरं बोट हलकं ठेवायचं म्हणजे मागचा खरखराट बंद होतो. मग सा वरून कोमल रे ला जाताना मधला सगळा रस्ता ऐकवता येतो. गिटारला मांडीवर आडवी घेऊन हिंदुस्थानी संगीत वाजवणारे ब्रिजभूषण काब्रा होऊन गेले, १९६७ मध्ये शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसियांसोबत त्यांची रेकॉर्ड आली होती. विश्वमोहन भट्ट यांनी तर मोहन वीणा केली आणि १९९४ मध्ये राय कूडरसोबत ग्रॅमी घेतलं. आमच्या मोठेबाबांना ही नावं माहीत नव्हती, पण गोटीवरची भैरवी ऐकून ते म्हणाले, "हे रेडिओवर वाजे ना पह्यले, गान्याची चाल नुसती?" व्हॅन शिप्ली, सुनील गांगुली यांचं हवाईयन गिटार त्यांच्या कानात होतंच.

आता मंडळात मी गिटार वाजवतो म्हणजे बहुतेक वेळ मोकळ्या तारा आणि मधे मधे चालीचा तुकडा, गाणाऱ्याने ओळ सोडली की ती मी उचलतो, तो परत आला की खाली जातो. खंजिरीच्या आवाजात गिटार दबते, म्हणून हार्मोनियमच्या बाजूला बसतो आणि अंगठ्याने सहावी तार ब्रिजच्या (पोटावर तारा अडकवलेल्या पट्टीच्या) जवळ मारतो, तिथे ती जास्त कडक वाजते.

सध्या ओपन सी च्या मागे आहे, सी जी सी जी सी ई, म्हणजे सा प सा प सा ग. त्यात सहावी तार चार फ्रेट खाली, ६५ हर्ट्झवर जाते, खराखुरा खर्ज, आणि पहिल्या फ्रेटवर कॅपो लावला की काळी एक. ५३ ची तार तिथे लोंबते, वाजवली की सूर आधी वर जाऊन मग खाली बसतो. ५६ ची सुटी तार मागवली आहे, नटची खाच तिच्यासाठी थोडी घासून रुंद करावी लागेल, बारीक कानस मोटर वाइंडिंगवाल्याकडे आहे.